दिघीतला वॉरन

अमेरिकेतला लेखक कादंबरी लिहायला बसतो, तेव्हा ती उद्या दिघीच्या मॅगझिन चौकामागच्या सोसायटीत कोणाच्या संसारात जाऊन पडेल, याचा विचार करत नाही. त्याने तो करायला हवा होता, असं दीपमालाचं आजही ठाम मत आहे.

हा लेखक म्हणजे मर्विन हॉलबेक. दीपमालाने त्याला निवडलं नव्हतं, तो तिच्या वाट्याला आला होता. घरी बसून एम.ए. करणाऱ्यांना शेवटच्या वर्षी एक प्रकल्प द्यावा लागतो. ती अभ्यासकेंद्रावर पोचली तोवर संतसाहित्य, ग्रामीण कथा, लोकगीतं असं सगळं चांगलंचुंगलं पुढच्यांनी उचललं होतं. खिडकीतल्या बाबूने उरलेला एक विषय, संध्याकाळच्या मंडईतल्या शेवटच्या फ्लॉवरसारखा, पुढे सरकवला. ‘आधुनिक अमेरिकन कादंबरीकार मर्विन हॉलबेक : प्रमुख साहित्यकृतींतील आशयसूत्रे आणि पात्रे.’

“दुसरं काही नाही का हो?”

“पुढच्या वर्षी या.”

पुढच्या वर्षी येण्यात अर्थ नव्हता. तिच्या नोंदणीची मुदत या वर्षी संपत होती. प्रकल्प राहिला, तर आधी पास केलेले सगळे पेपरही वाया. औशाला बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात लग्न लागलेल्या, आणि पोरं मोठी होईपर्यंत पुस्तकाऐवजी फक्त पुडीचा कागद वाचलेल्या बाईला ही पदवी किती हवी होती, हे बाबूला सांगून उपयोग नव्हता. त्याचं जेवण व्हायचं होतं.

हॉलबेकच्या प्रमुख साहित्यकृती तीन, आणि तिन्ही जाड. एकीत एक बाई खिडकीत बसून राहते. दुसरीत नवरा-बायको एकाच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत बसून राहतात. ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती समजली जाते. तिसरीत वॉरन नावाचा माणूस आहे. त्याची गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी बंद पडलेली आहे, पण तो बायकोला सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, तळ्याकाठी गाडी लावतो, एकटाच डबा खातो आणि सुट्टीच्या वेळेला घरी येतो. बायकोला चारशे पानं काही कळत नाही.

आशयसूत्र म्हणजे एकटेपणा. दीपमालाच्या वन बीएचकेत एवढा एकटेपणा हवा असेल तर माणसाला बाथरूममध्ये जावं लागायचं, आणि तिथंही कोणीतरी दार वाजवून टॉवेल कुठाय ते विचारायचंच. तरी तिने शब्दकोश जवळ घेऊन, कुकरच्या शिट्ट्यांमधून, वॉरनसोबत तळ्याकाठी बसून घेतलं आणि प्रकल्प लिहून काढला.

तो परत आला. आधी स्पायरल बायंडिंग चालत नाही म्हणून. पक्कं बायंडिंग करून नेलं, तर मार्गदर्शकाच्या सहीआधी बायंडिंग केलंच कसं म्हणून. मार्गदर्शक सरांनी तो चाळला आणि चष्मा कपाळावर नेला.

“मॅडम, परिशिष्ट कुठाय? वाचकप्रतिसाद? पाच सामान्य वाचकांना ही पात्रं कशी वाटली, ते पाहिजे. त्याशिवाय मी सही करत नसतो.”

दिघीत हॉलबेकचे पाच सामान्य वाचक! दीपमालाने त्यांना विचारलं नाही, की सर, तुम्ही तरी वाचलाय का. सही राहिली होती.

वाचक नाहीत तर श्रोते चालतील, असं तिने ठरवलं. दुपारी सोसायटीच्या क्लबहाउसच्या पायरीवर बायका भाजी निवडायला बसायच्या. ‘क्लबहाउस’ बिल्डरने म्हटलेलं. आत गणपतीचं जुनं थर्माकोल आणि एक पाय मोडलेला कॅरम होता. दीपमाला मेथीची जुडी घेऊन तिथे गेली.

“काकू, एक गोष्ट सांगू? ऐकून काय वाटतं ते मला सांगायचं.”

कस्तुराकाकू मूळच्या दिघीच्याच. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची होती, त्यामुळे पायरीवरची मधली जागा त्यांची. “सांग की,” त्या म्हणाल्या.

“एक माणूस आहे. लांबचा. पुस्तकातला.”

“बरं. कामाला कुठं हाय?”

“गाड्यांचे पार्ट बनवायच्या कंपनीत.”

इथे लक्षात घ्यायला हवं, की दीपमालाचे यजमान ज्योतीराम चाकणला गाड्यांचे पार्ट बनवायच्याच कंपनीत होते. दिघी ते चाकण या पट्ट्यात दर दुसऱ्या घरातला माणूस त्याच कामात असतो. तेव्हा हॉलबेकने निदान बिस्किटाची फॅक्टरी तरी घ्यायची.

पुढची चूक मात्र दीपमालाची. गोष्ट कळावी म्हणून तिने ती आपल्याकडची केली. सँडविचची भाजी-पोळी झाली, टायचा कंपनीचा युनिफॉर्म झाला, तळ्याची नदी झाली. वॉरन हे नाव काकूंच्या तोंडात बसेना, म्हणून तो नुसता ‘तो’ झाला. आणि नोकरी गेल्याचं बायकोला न सांगता हा ‘तो’ रोज डबा घेऊन बाहेर पडू लागला.

सांगता सांगता दीपमालाने मेथीच्याच हाताने डोळे पुसले. वॉरनला तिने कित्येक महिने सांभाळलं होतं.

पायरीवर मेथी निवडायची थांबली. वरच्या मजल्यावरची तेजस्विनी, जी हिंजवडीच्या आयटी कंपनीचं काम घरून करायची, म्हणजे लॅपटॉप वर उघडा ठेवून खाली येऊन बसायची, तिने हळूच दीपमालाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ताई, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हेच. पुस्तकातलं.”

“दिवाळीपासून वाचतेय.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दिवाळीपासून!

त्याचं असं होतं, की या सोसायटीत स्वतःचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगायची पद्धत नव्हती. कस्तुराकाकूंची सून वेगळी राहायला गेली, ती ‘चऱ्होलीच्या एका बाईची सून’ म्हणून गेली. तेजस्विनीला साहेबाने झापलं, ते ‘टीममधल्या एका मुलीला’ झापलं. सगळ्यांना सगळं कळायचं, तोंडावर कोणी काही बोलायचं नाही, आणि त्या चऱ्होलीच्या बाईला बरं वाटावं म्हणून भरलेली वांगी कस्तुराकाकूंच्या घरी जायची. हा इथला सभ्यपणा दीपमालाला चांगला ठाऊक होता. ‘औशाच्या एका मैत्रिणीची सासू’ या नावाखाली ती स्वतः बरंच मोकळं बोललेली होती. पण त्या दुपारी तिच्या डोक्यात फक्त परिशिष्ट होतं.

“त्या बायकोनं काय करावं, असं वाटतं तुम्हाला?” तिने उत्साहाने विचारलं.

“तिनं काई बोलूच न्हाई,” कस्तुराकाकू तिच्या डोळ्यात बघत म्हणाल्या. “बाप्या माणूस हाय. मन मोडंल. आपन हाये ना सगळ्या.”

केवढा उत्कट वाचकप्रतिसाद! दीपमालाने घरी जाऊन शब्दन् शब्द उतरवून काढला.

त्या दिवसापासून ज्योतीरामांचं जगणं अवघड झालं.

ज्योतीराम क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. कुठल्याही वस्तूत खोट असणार, या श्रद्धेवर त्यांची एवढी वर्षं नोकरी झाली होती. त्यातून कंपनीच्या बसचा थांबा नुकताच लांब गेल्यामुळे ते हल्ली स्कूटरवर निघायचे. बायकांच्या दृष्टीने हा पुरावाच. कंपनीत जात असते, तर बस नसती का आली?

आता लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी आत जाऊ द्यायला लागले. त्यांची स्कूटर कोणीतरी पुसून ठेवायला लागलं. शेजारून पुरणपोळी आली, त्यावर दुसऱ्या दिवशी मटण आलं. तेजस्विनीने जिन्यात गाठून सांगितलं, “दादा, आयुष्यात चढउतार येतात. आपण पॉझिटिव्ह राहायचं.” ज्योतीराम तेव्हा फक्त उतरत होते.

मग सोसायटीचे चेअरमन सोपानराव आले. भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सोसायटीच हाती घेतली होती. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “राव, कुरुळीला आमच्या भाच्याचं गोडाऊन आहे. सुपरवायझर पाहिजे. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर बघा.”

“बघतो की. विचारतो एकाला,” ज्योतीराम म्हणाले. त्यांच्या डोक्यात खरंच त्यांचा एक मावसभाऊ होता.

सोपानरावांचे डोळे पाणावले. “विचारा. त्या एकाला म्हणावं, कामात कमीपणा नसतो.” त्यांनी ज्योतीरामांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ते मान खाली घालून निघून गेले.

“या माणसानं मला पार्किंगवरून कोर्टात खेचायची धमकी दिली होती,” ज्योतीराम दार लावत म्हणाले. “दीपा, काय चाललंय काय?”

“चांगले आहेत लोक,” दीपमाला न बघता म्हणाली. ती वॉरनच्या मनाचे पापुद्रे सोडवत होती.

आणि एका सकाळी औशाहून दीपमालाच्या सासूबाई, सुभद्राबाई आल्या. फोन नाही, निरोप नाही. त्यांना कोणी कळवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण कस्तुराकाकूंकडे त्यांचा नंबर होता. सुभद्राबाईंनी पिशवी खाली ठेवली नाही, तोच लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. “लेकरा, जिवाला खाऊ नको. काही बी झालं तरी म्या हाय. देवाचा अंगारा आणलाय, लाव.” आणि त्या पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

ज्योतीराम अंगारा लावून खुर्चीत बसले. लोकांची माया, मटण, आई, अंगारा. त्यांनी एकेक पार्ट तपासून जोडला. कंपनीत नुकतीच सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती. रिपोर्ट यायचे होते. म्हणजे रिपोर्ट आले होते, घरी आले होते, आणि त्यांच्यापासून लपवले होते.

ते कोणालाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा युनिफॉर्म चढवला, डबा घेतला, आणि स्कूटर चाकणकडे न वळवता पिंपरीला नेली. मोठ्या दवाखान्यात. जे काय असेल ते आधी स्वतः ऐकायचं, मग दीपमालाला कसं सांगायचं ते ठरवायचं.

दुपारी दीपमालाच्या दारावर थाप पडली. कस्तुराकाकू, मागे तेजस्विनी, तिच्या मागे सोपानराव गाडीची किल्ली हातात घेऊन.

“बाई, मन घट्ट कर,” काकू म्हणाल्या. “आमचा सनी त्यांच्याच कंपनीत स्टोअरला हाय. आत्ताच चिकटलाय. त्याला म्या इचारलं. ज्योतीराम आज कामाव आल्येलंच न्हाईत.”

“असं कसं? डबा घेऊन गेलेत.”

“ताई,” तेजस्विनी गहिवरून म्हणाली, “तुम्हीच तर सांगितलंत ना, डबा घेऊन जातात म्हणून.”

तेव्हा कुठे दीपमालाच्या डोक्यात प्रकाश पडला. मटणासकट सगळं लख्ख दिसलं. “अहो, ते पुस्तकातलं होतं! खरोखरच्या पुस्तकातलं!” ती ओरडली आणि कपाटातून हॉलबेक काढून तिने सगळ्यांपुढे नाचवला.

सोपानरावांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, परत दिलं. “ते खरं हो वहिनी. पण मग ज्योतीराम कुठायत?”

दीपमालाने ज्योतीरामांना फोन लावला, तो बंद. (दवाखान्यात फोन बंद ठेवा अशी पाटी असते. ती पाळणारा या शहरात एकच माणूस आहे, आणि तो क्वालिटीत आहे.) दीपमाला एकेक दिवस आठवू लागली. स्कूटर कधीपासून न्यायला लागले? परवा विचारत होते, काय चाललंय. तिने मान वर केली नव्हती. वॉरनची बायकोसुद्धा मान वर करत नाही. याच मुद्द्यावर तिने प्रकल्पात सात ओळी लिहिल्या होत्या, त्या बाईला बऱ्यापैकी नावं ठेवून.

सगळे सोपानरावांच्या गाडीत बसले. सुभद्राबाई अंगारा घेऊन पुढे.

“पुस्तकात कुठं जातो गं त्यो?” काकूंनी विचारलं.

“तळ्यावर.”

“मंग नदीवं चला.”

अशा रीतीने, हॉलबेकचा नकाशा घेऊन, मंडळी मोशीच्या पुढे इंद्रायणीवर गेली. वाटेत ट्रेलर, कंटेनर आणि त्यांच्या मध्ये अडकलेली एक ॲम्ब्युलन्स बघून सुभद्राबाईंनी रडायला सुरुवात केली.

“आन् शेवटाला काय व्हतं त्याचं?” काकूंनी भीत भीत विचारलं.

“शेवट खुला आहे, असं समीक्षक म्हणतात.”

“खुला म्हंजी?”

“म्हणजे तो गाडीत बसलेला असतो आणि पुस्तक संपतं.”

“जिता का मेल्याला?”

“ते दिलेलं नाही, काकू.”

“आणि असलं इकत्यात?” काकू संतापल्या. “चारशे पानं लिवली, त्यात एक वळ लिवाया काय झालतं मेल्याला?”

समीक्षा म्हणून हे वाक्य दीपमालाने पुढे वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा कमी नव्हतं. पण त्या क्षणी तिला हॉलबेकची मानगूटच धरावीशी वाटत होती.

नदीवर ज्योतीराम नव्हते. एक जोडपं होतं. सोपानरावांनी त्यांची कसून चौकशी केल्यामुळे ते निघून गेलं. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांच्या भाचीला पिंपरीच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी ठेवलं होतं, आणि काकूंच्या नात्याचं माणूस नाही असा कोपरा या शहरात नाही. भाचीने खिडकीतून बघितलं होतं. खाली झाडाखालच्या बाकावर ज्योतीरामभाऊजी एकटेच बसलेत.

गाडी पिंपरीकडे वळली.

ज्योतीराम बाकावर होते. मांडीवर डबा उघडा होता. त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला होता आणि तो हातातच राहिला होता. इस्त्रीच्या युनिफॉर्ममधला तो माणूस समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता, आणि एवढ्या गर्दीच्या आवारात त्याच्या भोवती कोणीच नव्हतं. हॉलबेकने तीन जाड पुस्तकांत जे सांगायचा प्रयत्न केला होता, ते दीपमालाला गाडीच्या काचेतून एका नजरेत कळलं. तिने बाकीच्यांना हाताने थांबवलं, आणि आश्चर्य म्हणजे ते थांबले.

ती जाऊन शेजारी बसली. “अहो.”

ज्योतीराम दचकले. मग त्यांचे खांदे पडले. “म्हणजे तुलाही माहीत होतं तर.”

“मला आज कळलं. मला का नाही सांगितलंत?”

“तुला कसं सांगू? तुझी परीक्षा.”

“नोकरी गेली तर गेली हो. आपण बघू काहीतरी.”

ज्योतीरामांनी वळून तिच्याकडे बघितलं. “नोकरी गेली? कुणाची? माझी? कधी? मला कसं कोणी सांगितलं नाही?”

“मग तुम्ही इथे कशाला आलात?”

“मी मरणार आहे ना?”

“कोण म्हणालं?”

“कोणीच नाही! तेच तर! सगळे इतकं गोड वागताहेत!”

आधी दीपमालाला हसू फुटलं आणि त्याचं पुढे रडू झालं. ज्योतीरामांनी हातातला तुकडा डब्यात ठेवला आणि रुमाल काढून तिला दिला. तेवढ्यात, फार वेळ थांबायची सवय नसल्यामुळे, बाकीचे सगळे येऊन पोचले. सुभद्राबाईंनी पुन्हा अंगारा लावला. सोपानरावांनी गोडाऊनच्या माणसाचं काय झालं ते विचारलं. कस्तुराकाकूंनी डब्यात डोकावून भाजी गार झाली म्हणून हळहळ केली. सकाळी दिलेल्या तपासण्यांचा रिपोर्ट आला. थोडी पित्ताची तक्रार होती. मटण कमी करा, असं डॉक्टर म्हणाले.

प्रकल्पाला सही मिळाली आणि तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरून आलेले परीक्षक लहान चणीचे, पांढऱ्या शर्टातले होते आणि त्यांना हॉलबेक खरोखर आवडायचा. म्हणजे धोका होता. त्यांनी सरळ वर्मावर बोट ठेवलं.

“मॅडम, एका छताखाली राहून नवऱ्याचं दुःख बायकोला चारशे पानं कळत नाही. हे पटतं तुम्हाला? की लेखकाचं हे अपयश समजायचं?”

मार्गदर्शकाने पाठ करून घेतलेलं उत्तर ‘आधुनिक माणसाचे तुटलेपण’ असं सुरू होत होतं. दीपमालाने तोंड उघडलं आणि ते उत्तर आलंच नाही.

“कळत नाही असं नाही, सर. तिला ते सगळ्या बाजूंनी दिसत असतं. ती विचारत नाही. कारण विचारलं, की तो सांगेल. आणि तोही गप्प बसतो ते तिला त्रास नको म्हणून. दोघं एकमेकांना इतकं सांभाळतात, की दोघंही एकटी पडतात. यात वाईट कोणीच नाही. लेखकाने तेच लिहिलंय. फक्त त्याने त्यांच्या शेजारी एक तरी आगाऊ बाई ठेवायला हवी होती.”

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं.

दीपमाला पास झाली. चांगली झाली. निकालासोबत परीक्षकांचा शेरा आला. संध्याकाळी पायरीवर सोपानरावांसकट सगळ्यांना त्याची उत्सुकता, म्हणून तिने तो मोठ्याने वाचला. ‘पात्रांची मर्मग्राही जाण. मात्र परिशिष्टातील वाचकप्रतिसाद अतिरंजित व काल्पनिक वाटतात. असे वाचक प्रत्यक्षात संभवत नाहीत.’

“संभवत न्हाईत म्हंजी?” कस्तुराकाकूंनी विचारलं.

“म्हणजे तुम्ही नाहीच आहात, असं म्हणतायत ते. मी तुम्हाला मनानेच रचलंय.”

पायरीवर एकच गदारोळ उठला. काकू आधारकार्ड आणायला निघाल्या, तेजस्विनी परीक्षकांचा ईमेल शोधायला लागली, आणि सोपानराव सोसायटीच्या लेटरहेडवर दाखला द्यायला तयार झाले.

नुकतेच कामावरून येऊन स्कूटर लावत असलेले ज्योतीराम हे सगळं ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, “दाखला कशाला, सोपानराव? साहेबांना आठ दिवस आपल्याकडे राहायला बोलवा. चौथ्या दिवशी त्यांची जागा पिंपरीच्या त्या बाकावर असेल. मग जाऊ आपण सगळे, आणायला.”